खुर्चीतल्याला दिसावं, बाकड्यावरच्याला नको

गेल्या दोन महिन्यांत स्क्रीनबद्दलची पत्रं एवढी आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. कुणाला स्क्रीन चारी बाजूंनी दिसायला हवीय, कुणाला एकट्यालाच दिसायला हवीय, कुणाला आपण बसतो तिथनंच दिसत नाही म्हणून वैताग आलाय. प्रश्न वेगवेगळे वाटतात पण खाली गोष्ट एकच आहे, स्क्रीनमधनं निघालेला उजेड कुठल्या कोनात किती जातो. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्या मुलीनं टेप लावून मापं घेऊन पाठवलीत, आणि मापं पाठवणाऱ्याला नीट बसून उत्तर द्यावंसं वाटतं.

प्रश्न: सर नमस्कार. मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात. गावातल्या सोसायटीत माझे काका कॅशियर आहेत. पिग्मीचे पैसे काढायला, कर्जाचा हप्ता विचारायला लोक येतात आणि काकांच्या स्क्रीनवर कुणाच्या खात्यात किती आहेत ते भिंतीकडच्या बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना दिसतं. मला प्रोजेक्टला असा डिस्प्ले करायचाय की एक बटण दाबलं की फक्त काकांना दिसेल आणि परत दाबलं की खुर्चीतल्या खातेदाराला पण दिसेल. गाईड म्हणतात प्रायव्हसी फिल्म चिकटव आणि मोकळी हो. स्क्रीन २१.५ इंची आहे, काका ६० सेंमीवर अगदी समोर बसतात. खातेदाराची खुर्ची स्क्रीनच्या मध्यापासून पुढं ५० सेंमी आणि उजवीकडं ७०, बाकडं पुढं १२० आणि उजवीकडं १५०. काय करू?

उत्तर: तुझा प्रश्न वाचल्यावर मला एक प्रसंग आठवला तो आधी सांगतो. एका सोसायटीत मी नंबर लावून बसलो होतो, एक आजी पिग्मीचं पुस्तक घेऊन काउंटरवर उभ्या, स्क्रीनवर रक्कम आली आणि माझ्या शेजारचा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मावशीच्या खात्यात बरंच साठलंय की ओ." आजींनी पुस्तक पदराखाली घेतलं आणि पैसे न काढताच निघून गेल्या. रोज वीस-तीस रुपये बाजूला टाकून साठवलेला पैसा असतो तो, घरातल्यांनासुद्धा माहीत नसतो कित्येकदा. तेव्हा तुझा प्रोजेक्ट नुसता मार्कांचा नाही, तो चांगला व्हायलाच पाहिजे.

आता तुझी मापं घेऊ. मी कागदावर काढून बघितली आणि तूही काढ, कारण सगळा खेळ तिथंच आहे. खुर्ची पुढं ५०, बाजूला ७० म्हणजे कोन झाला ५४ अंश. बाकडं पुढं १२०, बाजूला १५० म्हणजे ५१ अंश. बघितलंस? दोघं जवळपास एकाच कोनावर बसलेत. स्क्रीनला माणूस जवळ आहे की लांब हे कळत नाही, तिला फक्त कोन कळतो. म्हणजे तू कितीही भारी डिस्प्ले बनवलास तरी खुर्चीतल्याला दिसेल तेव्हा बाकड्यावरच्याला दिसणारच, आणि बाकड्यावरच्याचं बंद केलं की खुर्चीतल्याचंही बंद. म्हणून पहिलं काम सोल्डरिंगचं नाही, खुर्ची हलवायचं. ती काकांच्या डावीकडं घे, पुढं ७० आणि डावीकडं ५० असं धर, कोन येतो साधारण ३५ अंश, आणि मुख्य म्हणजे तो बाकड्याच्या उलट्या बाजूला. आता दोघांना वेगळं करता येईल.

गाईडनी सांगितलेली प्रायव्हसी फिल्म काय करते ते नीट समजून घे, कारण तुझ्या डिझाइनमध्ये तीच आत बसणार आहे. उसाच्या फडाच्या तोंडाशी उभी राहिलीस की सरीतनं पार पलीकडचा बांध दिसतो, दोन पावलं बाजूला सरकलीस की नुसता पाला. फिल्ममध्ये अशाच बारीक काळ्या उभ्या भिंती असतात आणि मधी पारदर्शक सरी. सरी किती रुंद आणि भिंत किती उंच यावर कोन ठरतो. समज सरी १०० मायक्रॉन आणि भिंत ३०० मायक्रॉन, तर आतल्या आत उजेड जास्तीत जास्त १८ अंशांनी तिरका जाऊ शकतो, पण प्लास्टिकमधनं हवेत येताना तो आणखी वाकतो, प्लास्टिकचा अपवर्तनांक दीड धरला तर बाहेर २८ अंश होतात. बाजारातल्या फिल्मवर दोन्ही बाजूंना ३० अंश असं लिहिलेलं असतं ते इथनं येतं.

पण २८ अंशांपर्यंत लख्ख आणि मग एकदम काळं, असं होत नाही. उजेड मधनंच उतरायला लागतो, १४ अंशांवर निम्मा झालेला असतो. आणि इथं तुझ्या २१.५ इंची स्क्रीनची खरी अडचण आहे. ती साधारण ४८ सेंमी रुंद. काका ६० सेंमीवर बसले तर स्क्रीनची कड त्यांच्या डोळ्याला २१ ते २२ अंशांत पडते, म्हणजे ही फिल्म लावली की खुद्द काकांनाच दोन्ही कडा मधल्या भागाच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या उजळ दिसणार, आणि नेमकी शिल्लक रकमेची कॉलम उजव्या कडेला असते! मग काका ब्राइटनेस वाढवणार, डोळे चोळणार, आणि आठ दिवसांत फिल्म सोलून कपाटात टाकणार. मी हे दोन ठिकाणी झालेलं बघितलंय. त्यापेक्षा १५.६ इंची स्क्रीन घे आणि काकांना ७० सेंमीवर बसव, कड १४ अंशांत येते आणि उजेड निम्मा तरी राहतो. मोठी स्क्रीन म्हणजे चांगली स्क्रीन हे डोक्यातनं काढून टाक, एकट्यानं बघायच्या स्क्रीनला लहान असणंच बरं.

आता बटणाचं. नुसती फिल्म पुढं चिकटवली तर बटण येणारच नाही, ती कायमची अरुंद. बटण हवं असेल तर फिल्म पॅनेलच्या मागं जायला पाहिजे. एलसीडी उघडलीस की सगळ्यात मागं पांढरा रिफ्लेक्टर, त्यापुढं लाइट गाइडची जाड प्लास्टिक पाटी, मग डिफ्युजर आणि प्रिझमच्या शीट, आणि त्यावर खरा काचेचा पॅनेल. तुझी लूव्हर फिल्म, म्हणजे तीच काळ्या भिंतींची प्रायव्हसी फिल्म, या शीटच्या वर बसव, तिच्यावर पीडीएलसी फिल्म आणि मग पॅनेल. पीडीएलसी म्हणजे ऑफिसच्या काचेला लावतात ती स्विच मारल्यावर दुधाळची पारदर्शक होणारी फिल्म. प्लास्टिकमध्ये लिक्विड क्रिस्टलचे मायक्रॉनभर आकाराचे थेंब अडकवलेले असतात, वीज नसली की प्रत्येक थेंबातले रेणू आपापल्या दिशेला तोंड करून बसतात आणि उजेड सगळीकडं उधळतो, वीज दिली की सगळे एका रांगेत उभे राहतात, त्यांचा अपवर्तनांक भोवतीच्या प्लास्टिकशी जुळतो आणि उजेड सरळ पार जातो. म्हणजे वीज चालू, फिल्म पारदर्शक, लूव्हरनं सरळ केलेला उजेड तसाच पुढं, फक्त काकांना दिसणार. वीज बंद, फिल्म दुधाळ, सरळ आलेला उजेड परत चारी बाजूंना, खुर्चीलाही दिसणार.

ही फिल्म पॅनेलच्या पुढं लावायचा मोह होईल कारण उघडायला लागत नाही. लावू नकोस. पुढं लावलीस तर दुधाळ झाल्यावर अक्षरंच पुसट होतील, बटर पेपरातनं वाचल्यासारखं. मागं असली की फक्त उजेड पसरतो, चित्र जिथल्या तिथं राहतं. आणि पॅनेल आयपीएस जातीचा घे, तो बाजूनंही नीट दिसतो. स्वस्त टीएन जातीचा घेतलास तर रुंद मोडमध्ये उजेड बाजूला जाईल पण रंग फिस्कटतील, तिरक्या कोनातनं काळ्या-पांढऱ्यातला फरकच कमी होतो. काही जण म्हणतात टीएन बाजूनं वाईट दिसतो मग तोच प्रायव्हसीला वापरू, पण वाईट दिसणं म्हणजे न दिसणं नव्हे, आकडे वाचता येतात.

पीडीएलसीला साधारण ५० ते ६० व्होल्ट एसी लागतं, डीसी देऊ नकोस, डीसीनं आतले आयन एका बाजूला साठतात आणि फिल्म खराब होते. या फिल्मबरोबर ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर मिळतो तोच वापर, फिल्मच्या तांब्याच्या पट्ट्या नीट इन्सुलेट कर आणि चेसिसला स्पर्श होत नाही ना ते मीटर लावून बघ. आणि जुना मॉनिटर उघडणार असशील तर एलईडी बॅकलाइटचाच घे. बॅकलाइटला बारीक ट्यूब असलेल्या जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये इन्व्हर्टरला शेकडो व्होल्ट असतात, चालू होताना हजाराच्या वर जातात, शिवाय ट्यूबमध्ये पारा असतो, घरात फुटली तर आणखी ताप.

आता एक गोष्ट जी मला वाटतं तुझ्या परीक्षकांनी विचारलीच पाहिजे. पीडीएलसीचा ड्रायव्हर जळाला किंवा एखादी वायर सुटली तर काय होईल? वीज गेली, फिल्म दुधाळ, म्हणजे स्क्रीन रुंद झाली, सगळ्या बाकड्याला दिसायला लागलं, आणि समोर बसलेल्या काकांना ते सहज लक्षात येणार नाही, उजेड थोडा कमी-जास्त झाला तरी त्यांना दोन्ही वेळी वाचता येतं. बिघाड झाला की गुपित उघडं पडतं असं डिझाइन चालणार नाही. म्हणून असं कर, अरुंद मोडमध्ये ड्रायव्हरच्या आउटपुटवर लक्ष ठेवणारं छोटं सर्किट लाव, तिथलं व्होल्टेज पडलं की बॅकलाइटच बंद व्हायला पाहिजे. बाजूला एक लाल एलईडी पण लाव, रुंद मोडमध्ये पेटणारा आणि काकांच्या नजरेत असणारा. उगाच मोबाइल अॅप, ब्लूटूथ वगैरे लावत बसण्यापेक्षा एवढं केलंस तर प्रोजेक्टला खरं वजन येईल.

उजेडाचा हिशेब पण मांड. लूव्हर बाजूला जाणारा उजेड वळवत नाही, गिळते. म्हणजे एवढा उजेड गेलाच, मग पीडीएलसी दुधाळ केलीस तरी उरलेलाच उजेड पसरणार, त्यामुळं रुंद मोडमध्ये तुझी स्क्रीन साध्या मॉनिटरपेक्षा मंद दिसेल, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही, लपवू नकोस. कंपन्या हे टाळायला लाइट गाइडच असा बनवतात की उजेड आधीपासून सरळ निघतो आणि गिळायला लागत नाही, नाहीतर एकामागं एक दोन बॅकलाइट ठेवतात, एक सरळ आणि एक पसरट. एचपीनं २०१६ मध्ये थ्रीएमबरोबर मिळून लॅपटॉपमध्ये बटणावर अरुंद होणारी स्क्रीन आणली तीही या लाइट गाइडच्या कारागिरीवरच. ते साचे कॉलेजच्या लॅबमध्ये होणार नाहीत, तू लूव्हरच घे.

आता तुझ्या काउंटरवर हे सगळं बसवून बघू. अरुंद मोडमध्ये स्क्रीन काकांकडं सरळ, बाकडं ५१ अंशांवर आणि खुर्ची ३५ अंशांवर, दोघांनाही काळपट दिसणार. पूर्ण काळं म्हणत नाही मी, पारदर्शक झालेल्या पीडीएलसीतही थोडं धुकं उरतं, खानापूरला पावसाळ्यात सकाळी दहाला असतं तसं, आणि ते थोडा उजेड बाजूला सोडतंच. सोसायटीत ट्यूबलाइट चालू असेल तर स्क्रीनवरच्या चकाकीत तो लपून जातो, अंधाऱ्या खोलीत मात्र दिसेल. खातेदाराला दाखवायचं असेल तेव्हा बटण दाबायचं आणि स्क्रीन डावीकडं अठराएक अंश फिरवायची. आता काका आणि खातेदार दोघं अठरा अंशांच्या आसपास, आणि बाकडं गेलं ६९ अंशांवर. फिरवायला खाली गोल फिरणारी प्लेट लागेल, तिला दोन ठिकाणी खाच कर म्हणजे खट्कन बसेल, काकांनी दर वेळी अंदाज घ्यायला नको. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही शीट मेटलवाल्याकडं कागदावर काढून नेलंस तर करून देतील, मॉनिटरच्या मागची चार भोकं ७५ नाहीतर १०० मिमी अंतरावर असतात, आधी मोजून मग ड्रॉइंग काढ.

आणि पीडीएलसीला पूर्ण दुधाळ किंवा पूर्ण पारदर्शक एवढंच येतं असं नाही. व्होल्टेज मधलं दिलंस तर ती अर्धवट धुकट होते आणि कोन मधला मिळतो. म्हणजे बटणाऐवजी नॉब लावता येईल. मी तुझ्या जागी असतो तर तीन पायऱ्या ठेवल्या असत्या, एकटा, दोघं, सगळे.

अक्षराच्या आकाराचाही उपयोग करून घे. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखायला ते निदान ५ कलांच्या कोनाएवढं लागतं, अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. बाकडं स्क्रीनपासून १९२ सेंमीवर आहे, तिथनं वाचायला अक्षर अगदी समोरनं बघितलं तरी पावणेतीन मिमी उंच लागेल. रकमेचे आकडे ३ मिमीचे ठेवलेस आणि स्क्रीन ६९ अंशांनी तिरकी असली तर आकड्याची रुंदी एकतृतीयांश दिसणार, बाकड्यावरनं ८ आणि ६ सांगता येणार नाही. खुर्ची मात्र ८६ सेंमीवर आहे, चष्मा थोडा जुना झालेल्या माणसालाही तिथनं ३ मिमी वाचता येईल. फार म्हाताऱ्या खातेदारासाठी काकांनी रक्कम चिठ्ठीवर लिहून हातात द्यावी.

शेवटी मोजणी. अंधाऱ्या खोलीत पूर्ण पांढरी स्क्रीन लाव, मध्यावरनं ६० सेंमीचा दोरा, टेबलावर मोठा कोनमापक काढ आणि दर ५ अंशांवर लक्स मीटर स्क्रीनकडं तोंड करून वाच. मोबाइलचं अॅप वापरू नकोस, ते आपोआप एक्स्पोजर बदलत राहतं. मग पूर्ण काळ्या स्क्रीनवर तेच परत. पांढऱ्याला काळ्यानं भागलं की कॉन्ट्रास्ट. डब्यावर १७८ अंश लिहितात त्याचा अर्थ तेवढ्या कोनापर्यंत कॉन्ट्रास्ट १० ला १ तरी राहतो, समोरनं तो १००० ला १ असतो हे लक्षात घे म्हणजे तो आकडा केवढा सैल आहे ते कळेल. आणि लूव्हरच्या रेघा पिक्सेलच्या रेघांवर पडून लहरी दिसायला लागल्या तर फिल्म तीन-चार अंश तिरकी बसव, जातात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, निपाणी. आमच्या वाचनालयात कुणीतरी दिलेला जुना २२ इंची मॉनिटर दाराच्या वर लावलाय, त्यावर सूचना आणि फोटो दाखवतो. खाली खुर्चीत बसलं की माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे दिसतात, उभं राहून उंचावरनं बघितलं की बरं दिसतं. मॉनिटर बाद झाला का?

उत्तर: गुरुजी, मॉनिटर ठणठणीत आहे, फक्त टीएन जातीचा आहे आणि तो चुकीच्या उंचीवर टांगलाय. टीएनमध्ये लिक्विड क्रिस्टलच्या काडीसारख्या रेणूंची रांग एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत पाव फेरा पीळ घेत जाते, वीज दिली की काड्या उभ्या व्हायला लागतात. करड्या छटांमध्ये त्या अर्धवट उठलेल्या असतात, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. एका बाजूनं बघितलं तर काडीचं टोक दिसतं, दुसऱ्या बाजूनं तिची लांबी, त्यामुळं तीच छटा वरनं फिकट आणि खालनं गडद, आणि खालनं आणखी तिरकं गेलं की उजळ-काळं उलटंच होतं. टेबलावर ठेवायचा मॉनिटर खालनं कुणी बघत नाही म्हणून बनवणाऱ्यांनी वाईट बाजू खाली टाकलेली असते.

तेव्हा मॉनिटर उलटा टांगा, म्हणजे खरंच डोकं खाली, आणि कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्र १८० अंश फिरवा. वाईट बाजू छताकडं जाईल, खालच्यांना थोडं फिकट दिसेल पण निगेटिव्ह होणार नाही. बरोबरीनं पुढं झुकवा. मध्य सव्वादोन मीटर उंचीवर असेल, खुर्चीतल्याचा डोळा सव्वा मीटरवर आणि तो दोन मीटर लांब बसला असेल, तर त्याची नजर २७ अंश वर जाते, तेवढा नाही तरी वीसएक अंश झुकवलात तर फरक लगेच दिसेल. पुढं नवीन घ्यायचा झाला तर आयपीएस मागा. हिताचीनं १९९६ मध्ये ही पद्धत बाजारात आणली, त्यात काड्या उठत नाहीत, काचेला समांतर राहून फक्त फिरतात, म्हणून वरनं-खालनं फारसा फरक पडत नाही.

प्रश्न: बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला नेहमी बाइकवर जातो. नवीन गॉगल घेतला तर बाइकचा मीटर काळा दिसतो, गॉगल काढला की दिसतो. शोरूमवाले म्हणतात मीटर चांगला आहे.

उत्तर: शोरूमवाले बरोबर आहेत. तुमचा गॉगल पोलराइज्ड आहे. रस्त्यावरनं, पाण्यावरनं येणारी चकाकी बहुतेक आडवी कंप पावणारी असते, तेवढी तो अडवतो. एलसीडी मीटरच्या तोंडावरही पोलरायझर असतो आणि त्याच्यातनं निघणारा उजेड एकाच दिशेला कंप पावतो, दोघांच्या दिशा काटकोनात आल्या की काळं. मान ४५ अंश कलती करून बघा, मीटर दिसायला लागेल. पण घाटात मान कलती करून बाइक चालवू नका, साधा टिंटेड गॉगल घ्या. दुकानात पारख करायची असेल तर तो आपल्या मोबाइलच्या स्क्रीनपुढं धरून गोल फिरवा, काळं-उजळ होत राहिलं तर पोलराइज्ड.

प्रश्न: चिकोडीत आडत दुकान आहे. दराचा एलईडी बोर्ड बाहेर उंच लावला. लांबून छान दिसतो पण गाडीतनं उतरून बोर्डाखाली उभा राहिलेल्या शेतकऱ्याला दिसत नाही.

उत्तर: बाहेरच्या बोर्डाच्या एलईडीला बहुतेक वेळा अंडाकृती भिंग असतं, आडव्या दिशेला उजेड लांब पसरतो आणि उभ्या दिशेला कमी, कारण आभाळाकडं उजेड पाठवून उपयोग नाही. त्यावर लिहिलेला कोन म्हणजे उजेड निम्मा होतो तिथपर्यंतचा एकूण कोन, मधल्या रेषेपासून एका बाजूला त्याच्या निम्माच. तुमचा बोर्ड सरळ भिंतीला चिकटलेला असेल, वरच्या बाजूला लाकडी ठोकळे घालून तो १० ते १५ अंश खाली झुकवा, आणि वर पत्र्याचा छज्जा काढा म्हणजे दुपारचं ऊन एलईडीवर पडणार नाही. लांबच्या माणसाला थोडं कमी दिसेल, पण दर ज्याला बघायचाय तो खालीच उभा आहे.

प्रश्न: रायबाग तालुक्यातनं लिहितोय. स्क्रीनचं सगळं जपान, कोरियाचं. आपल्याकडं या विषयात कुणी काही केलंय का, मुलांना सांगायला?

उत्तर: केलंय, आणि आपल्याच राज्यात. लिक्विड क्रिस्टल पहिल्यांदा १८८८ मध्ये फ्रीड्रिश राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसले. तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षं सगळे धरून चालले होते की असला पदार्थ काडीसारख्या लांबट रेणूंचाच होतो. १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की चपट्या, थाळीसारख्या रेणूंचेही लिक्विड क्रिस्टल होतात. मुलांना सांगताना भाकरीची चवड दाखवा, एकावर एक ठेवलेल्या भाकरी, अशा चवडी शेजारी शेजारी उभ्या आणि प्रत्येक चवडीतल्या भाकरी मात्र थोड्या हलत्या. त्यांचा शोधनिबंध 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकातच छापून आला. चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. पुढं १९९१ मध्ये त्यांनी बंगळुरूतच लिक्विड क्रिस्टलच्या संशोधनाचं स्वतंत्र केंद्र उभं केलं.

आता या चवडीचा स्क्रीनशी संबंध सांगतो, तो या महिन्याच्या सगळ्या पत्रांशी जुळतो. टीएनमध्ये तिरक्या कोनातनं बघताना काड्यांमुळं जी गडबड होते ती उलट दिशेनं भरून काढायला उलट्या स्वभावाचा पदार्थ हवा होता, आणि काडीच्या उलट म्हणजे थाळी. १९९० च्या दशकात जपानच्या फूजीफिल्मनं थाळीच्या आकाराच्या रेणूंचा पातळ थर एका फिल्मवर तिरका गोठवला आणि ती फिल्म पोलरायझरबरोबर पॅनेलला चिकटवायला दिली, टीएन मॉनिटर बाजूनं दिसायला लागले ते त्यामुळं. निपाणीच्या गुरुजींच्या मॉनिटरमध्येही काचेच्या दोन्ही अंगांना ती फिल्म असण्याची बरीच शक्यता आहे. तुमच्या शाळेत एखादा बाद झालेला टीएन मॉनिटर असेल तर मुलांसमोर त्याचा पोलरायझर हळूहळू सोलून दाखवा, आधी डोळ्याला गॉगल लावा आणि काच फुटणार नाही एवढं बघा.